बाटली खाली आहे

मी नेमकी काय नोकरी करते, हे आमच्या आईला अजून धड सांगता येत नाही. सोसायटीतल्या आंटी विचारतात तेव्हा ती ठोकून देते, "वो लिपस्टिक वापस लेती है." ऐकणाऱ्याला वाटावं, मी दारोदार फिरून बायकांच्या ओठांवरची लाली खरवडून आणते. बाबा जरा बरे. त्यांचा सगळा जन्म केंद्र सरकारच्या फायलींत गेला, त्यामुळे ते भारदस्त आवाजात म्हणतात, "परतावा विभाग." आंटींना ते कळत नाही, पण त्या मान डोलावतात.

खरं सांगायचं तर माझं काम उलटं आहे. लोकांनी परत करू नये म्हणून मला पगार मिळतो. ऑनलाइन सौंदर्यप्रसाधनं विकणारी आमची एक छोटी कंपनी, गुरुग्रामच्या एका काचेच्या टॉवरमध्ये. आमची प्रार्थना एकच, गेलेलं पार्सल परत येऊ नये. पण येतं! फोटोत गुलाबी दिसलेली लिपस्टिक हातात वीटकरी निघते म्हणून येतं. नणंदेने नाक मुरडलं म्हणून येतं. दिल्लीच्या लग्नसराईत तर विचारू नका. तीन रंग मागवायचे, तिन्ही लावून मेहंदी-संगीत उरकायचं आणि सोमवारी "पसंत नहीं आया" म्हणून दोन परत. एकदा उघडलेलं प्रसाधन पुन्हा विकता येत नाही, ते फेकावंच लागतं. मी पहिल्यांदा ते ढीग पाहिले तेव्हा मनातल्या मनात किंमत मोजत बसले. माझ्या आईच्या कपाटात एक पावडरचा डबा पाच-पाच वर्षं चालतो हो.

आमची बॉस पंजाबी, पश्चिम दिल्लीची. स्वतःच्या हिमतीवर उभी राहिलेली बाई. मनाने चांगली, पण डोकं गरम. आणि माझ्याही नाकाच्या शेंड्यावर राग असतो, त्यामुळे आमच्या दोघींचं जमायचंही छान आणि वाजायचंही छान.

गोष्ट आहे एका लोशनची. चेहऱ्याला लावायचं, दाटसर, पांढऱ्या बाटलीत. बाटलीच्या डोक्यावर दाबायचा पंप, आणि बाटली अशी की बाहेरून आतलं काही दिसत नाही. हे लोशन आम्ही मराठीत जाहिरात करून महाराष्ट्रातही उतरवलं. जाहिरातीचं मराठी मी लिहिलं होतं आणि त्याचा मला कोण अभिमान! आईने चार जागी ऱ्हस्व-दीर्घ काढले ते सोडा. पण खपलं, जोरात खपलं. सांगली, लातूर, अकोला, कुठून कुठून ऑर्डरी यायला लागल्या. मी ऑफिसात कॉलर ताठ करून फिरत होते.

आणि मग तक्रारी आल्या. बाटली रिकामी निघाली. एक नाही, दोन नाही, रोज. आमचं कॉल सेंटर नोएडात आहे. तिथल्या मुली तक्रार ऐकून कारणाच्या रकान्यात खूण करतात, त्या सगळ्या खुणा एकाच ठिकाणी, 'रिकामी बाटली'. आणि गंमत म्हणजे लखनौची बाटली भरलेली, जयपूरची भरलेली, रिकामी फक्त महाराष्ट्राची! कंपनीचा नियम असा की बाटली रिकामी असेल तर ती परत मागवायची नाही. रिकाम्या प्लॅस्टिकचं कुरिअरभाडं कोण भरणार? पैसे परत करायचे, सॉरी म्हणायचं, बाटली तुम्हीच टाकून द्या म्हणायचं. म्हणजे त्या रिकाम्या बाटल्या आमच्यापैकी एकानेही डोळ्यांनी पाहिल्या नव्हत्या. हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

बॉसने पहिला संशय गिऱ्हाइकांवर घेतला. "यार, तुम्हारे महाराष्ट्र वाले बड़े चालू निकले. लोशन रख लो, पैसे भी ले लो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्हारे? मी दिल्लीत जन्मले, सरकारी क्वार्टरमध्ये वाढले, छोले-भटुरे खाऊन मोठी झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मावशीकडे गेले की भावंडं मला 'दिल्लीवाली' म्हणून चिडवायची. पण त्या दिवशी मी एकदम अखिल महाराष्ट्र झाले. म्हटलं, "आमच्याकडची बाई दोनशे रुपड्यांसाठी खोटं नाही बोलणार. नुसतं बोलायचं म्हणून बोलू नका." तेही मराठीत. तिला शब्द कळले नसतील, सूर बरोबर कळला.

"चलो, फिर पैकिंग में गड़बड़ है," ती म्हणाली. माझ्या त्या एका वाक्याने संशय गिऱ्हाइकांवरून उठला आणि थेट फरीदाबादवर जाऊन बसला.

फरीदाबादला आमचं गोदाम आहे. लोशन कारखान्यातून भरून तिथे येतं आणि डझनभर बायका ते खोक्यांत घालून पाठवतात. त्यांची मुकादम म्हणजे एक काकू, भुसावळकडच्या. नवऱ्याची फरीदाबादच्या फॅक्टरीत नोकरी, म्हणून लग्न होऊन आल्या त्या तिथल्याच झाल्या. हिंदी फाडफाड बोलायच्या, पण भांडायचं असलं की मराठी. मी पहिल्यांदा गोदामात गेले तेव्हा माझं आडनाव ऐकून त्यांनी मला थांबवलं, नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मराठी ना तू? मग इतकी वाळकी कशी? जेवतेस का नाही?" त्या दिवसापासून मी तिथे गेले की त्यांच्या डब्यातलं वांग्याचं भरीत माझं.

बॉसने हुकूम काढला. संध्याकाळी सुटताना फाटकावर सगळ्या बायकांच्या पिशव्या तपासायच्या. गार्डसमोर एक टेबल टाकलं. बायकांनी रांगेत उभं राहायचं, पिशवी उघडायची, डबा उघडून दाखवायचा. मला कळलं तेव्हा मी बॉसच्या केबिनमध्ये शिरले, या वेळी हिंदीतून भांडायला. "डबा? लोशन काय वरणासारखं डब्यात भरून नेणार आहेत?"

"तो तुम बताओ, बोतल में से जाता कहाँ है?" ती म्हणाली. माझा राग असा फुकट गेला की मला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी फरीदाबाद गाठलं. काकू नेहमीसारख्या हसल्या नाहीत. हातातलं काम सोडलं नाही, वर पाहिलं नाही.

"पोरी, इतकी वर्षं झाली या लोकांकडे," त्या म्हणाल्या, "एक खिळा कधी उचलला नाही. काल त्या गार्डच्या पोराने माझा डबा उघडला. उष्टा डबा गं. आत बोट घालून बघितलं त्याने."

मी शेजारचं खोकं ओढून त्यांच्यासमोर चिकटपट्टी लावायला बसले.

"हा महिना भरते आणि जाते. काम काय, कुठेही मिळेल," त्या म्हणाल्या. "पण आत्ता नाही जाणार. आत्ता गेले तर लोक म्हणतील, पकडली गेली म्हणून पळाली. तुम्ही शिकलेल्या ना? शोधा. मला चोर म्हणून इथून जायचं नाहीये."

झालं. त्या क्षणापासून माझं जेवणखाण, झोप, सगळं त्या बाटलीत अडकलं. महिना संपायच्या आत काकूंच्या नावावरचा डाग पुसायचा, एवढंच. दिवसभर गोदामात बसले. बायका बाटल्या उचलत होत्या, खोक्यात घालत होत्या, चिकटपट्टी लावत होत्या. मी मधूनच एखादी उचलायचे. जड. दुसरी उचलायचे. जड. एक तर उघडून पाहिली, काठोकाठ भरलेली! मग फरीदाबाद ते सांगली या रस्त्यात लोशन उडून जातं की काय? रात्री बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "ट्रान्झिट लॉस." सरकारी नोकरीत सगळ्या भुताखेतांना असं एक नाव असतं.

मग मी कॉल सेंटरचे कॉल ऐकायला बसले. म्हटलं, बघूया तरी आमच्या आयाबाया काय बोलतात. कानाला हेडफोन लावून दिवस दिवस ऐकत होते. त्या आवाजांनी मला फार मजा आली, खरंच. आमच्या बायका हिंदी बोलतात ती इतकी आपली हिंदी असते!

"हॅलो, मैं कराड से बोल रही. आपका वो लोशन आया ना, उसमें सब खाली है. कितना दबाया, ऊपर आताच नही."

"जी मॅम, बोतल खाली है?"

"हाँ ना. सब खाली."

"सॉरी मॅम. आपके पैसे वापस आ जाएँगे."

"अरे वा! थँक्यू हां ताई."

असा प्रत्येक कॉल गोड. भांडण नाही, तंटा नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाचा आवाज असा नसतो, एवढं मला कळत होतं. एक आजी तर त्या नोएडाच्या मुलीला "सुखी राहा बाळा" असा आशीर्वाद देऊन फोन ठेवत होत्या. म्हणजे गिऱ्हाईक खरं, पॅकिंग खरं, आणि तरी बाटली रिकामी. मी कपाळ धरून बसले. बॉस येता-जाता विचारायची, "मिला कुछ?" आणि मी तिच्याकडे खाऊ का गिळू अशी बघायचे.

महिना संपत आला. थंडी सुरू झाली होती. दिल्लीच्या थंडीत आमच्या घरी खोबरेल तेलाचा दगड होतो आणि आई ती बाटली बाल्कनीत उन्हाला ठेवते, लोणच्याच्या बरणीशेजारी. तिचे हात फुटले होते, पण क्रीम म्हटलं की तिचं तोंड वाकडं. "आमच्या वेळी कुठे होती असली थेरं?" एका सकाळी मी चिडून गोदामातून आणलेली लोशनची बाटली तिच्या हातात कोंबली, "लाव गपचूप," म्हटलं आणि मेट्रो गाठली.

दुपारी ऑफिसात फोन वाजला. मी तेव्हा दोन जणांशी हिंदीत हुज्जत घालत होते. ऑफिसात शिरलं की माझी जीभ हिंदी होते, हे मला माहीत होतं. कानही होतात, हे मात्र त्या दिवशी कळलं.

"अगं, ती बाटली दिलीस ना," आई म्हणाली, "त्यातलं सगळं खाली आहे."

माझ्या हाताने आणलेली, सीलबंद बाटली! "खाली? पूरी खाली?"

"पूरी काय? सगळंच खाली. दाबून दाबून माझा अंगठा दुखायला लागला."

"आई, असं कसं होईल? उचलून बघ. हलकी आहे का?"

"हलकी कशाला असेल? चांगली जड आहे."

"जड आहे तर खाली कशी?"

"काय बाई प्रश्न तरी! जड आहे म्हणूनच खाली. आपोआप वर यायला त्याला काय पंख आहेत?"

"आई, एक काहीतरी ठरव. बाटली भरलेली आहे का खाली आहे?"

"भरलेली आहे आणि खाली आहे!"

शेजारी बसलेले दोघे माझ्याकडे बघायला लागले. मी ओरडतच होते. "अगं भरलेली आहे तर रिकामी कशी असेल?"

मग आईचा तो खास आवाज आला, मी सातवीत मराठीच्या शुद्धलेखनात भोपळा आणला होता तेव्हाचा. "रिकामी कोण म्हणालं? मी म्हणाले का रिकामी? खाली म्हटलं मी, खाली! तळाला! वर येत नाहीये ते, खालीच बसलंय. दिल्लीत वाढवली म्हणून मराठीसुद्धा विसरलीस का गं?"

खाली! अगं बाई! मराठीतलं खाली, म्हणजे तळाला. हिंदीतलं ख़ाली, म्हणजे रिकामं. कराडची बाई सांगत होती की लोशन तळाशी आहे, वर येत नाही. नोएडाची मुलगी ऐकत होती की बाटली रिकामी आहे. दोघींनाही वाटत होतं, समोरचीला अगदी बरोबर कळलं. एक थँक्यू म्हणत होती, एक सॉरी म्हणत होती, आणि फरीदाबादच्या बायकांचे डबे उघडले जात होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर जन्मालाच आला नव्हता!

"आई," मी म्हटलं, "तू ग्रेट आहेस."

"ते असू दे. हे वर कसं आणायचं ते सांग."

"दाबत राहा. दाट आहे ना, पहिल्यांदा वर यायला वेळ लागतो. पंधरावीस वेळा दाब."

फोनवर फुसफुस ऐकू येत राहिली आणि मग एकदम, "अगं बाई, आलं की! किती आलं हे! आता एवढ्याचं काय करू?" तिने ते शेवटी कोपरांना, टाचांना आणि वर्तमानपत्र वाचत बसलेल्या बाबांच्या पायांना फासलं, असं नंतर बाबांकडून कळलं.

मी कॉल पुन्हा लावले. आता प्रत्येक वाक्य उघडं पडत होतं. "सब खाली बैठा है." "खाली है, ऊपर आताच नही." अरे, सांगतायत की बिचाऱ्या! आणि लखनौ-जयपूरच्या गिऱ्हाइकांनाही हाच त्रास होत होता. पण ते म्हणत होते, "पंप नहीं चल रहा," मग मुली त्यांना दाबत राहायला सांगत होत्या आणि प्रश्न फोनवरच मिटत होता. मी मराठी. घरात दिवसातून दहा वेळा "खाली ठेव", "खाली बस" म्हणणारी. ते सगळे कॉल मी ऐकले होते आणि माझ्याही कानाने दर वेळी रिकामंच ऐकलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं.

धावत बॉसकडे गेले. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "क्यूट है. पर एक मम्मी से डेटा नहीं बनता."

मम्मी से डेटा नहीं बनता! थांब, म्हटलं, बनवते डेटा. दोन नव्याकोऱ्या बाटल्या पर्समध्ये टाकल्या आणि मेट्रोने मंडी हाउस. कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र राज्याचं जुनं अतिथीगृह आहे, तिथल्या कँटीनमध्ये दुपारी आपली माणसं हमखास सापडतात. सरकारी कामाला आलेले साहेब, त्यांचे ड्रायव्हर, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं, राजमा-चावलला कंटाळून पिठलं शोधत आलेली. अशी चार जणं एका टेबलावर होती, दोन मुलं, दोन मुली. मी सरळ जाऊन बसले. "मी तुम्हाला साबुदाणावडे देते, तुम्ही माझं एक काम करा."

परीक्षेची तयारी करणारी मुलं कुठल्याही प्रश्नाला तयार असतात. मी बाटली दिली, दोनदा दाबायला लावली आणि म्हटलं, "आता समजा मी कॉल सेंटर आहे. हिंदीत तक्रार करा." मोबाइलवर चित्रण सुरू केलं.

बीडचा मुलगा घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, आपका लोशन खाली है. ऊपर नहीं आ रहा."

त्याच्या शेजारचा म्हणाला, "मॅडम, सब माल खाली जमा हुआ है."

नांदेडची मुलगी म्हणाली, "खाली रह गया ये."

चौथी परभणीची. तिने एकदा दाबलं, माझ्याकडे बघितलं आणि मुलायम आवाजात म्हणाली, "जी, पंप काम नहीं कर रहा, लोशन नीचे ही रह जाता है."

मी हवालदिल झाले. बाकीचे तिघे एका सुरात ओरडले, "ताई, हिला धरू नका! हिच्या घरी उर्दू बोलतात. आम्ही सगळे भाडेकराराच्या वेळी हिलाच पुढे करतो!" ती हसून लाल झाली. सगळी कँटीन आमच्याकडे बघत होती. मी साबुदाणावड्यांची आणखी एक प्लेट मागवली. चौघांचंही चित्रण घेतलं, तिचं तर आवर्जून.

बॉसने ते चित्रण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हसली. दुसऱ्यांदा बघताना हसू मावळलं. परभणीच्या मुलीपाशी तिने थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. "मतलब खाली मतलब नीचे," ती स्वतःशीच म्हणाली. "तो कस्टमर झूठ नहीं बोल रहे थे."

"नाही."

"और पैकिंग वाली भी..."

"त्याही नाही," मी म्हटलं. मला आणखी खूप काही ऐकवायचं होतं. आठवडाभर मनात भांडण घोकून ठेवलं होतं मी. पण तेवढ्यात ती उठून उभी राहिली. तिने घड्याळ बघितलं. "छुट्टी कितने बजे होती है वहाँ? गाड़ी बुलाओ."

पुढे जे झालं ते सगळं सुरळीत झालं. बाटलीच्या मानेवर आता एक चिठ्ठी असते, चार भाषांत, 'पहिल्यांदा वापरताना लोशन वर येईपर्यंत दाबत राहा.' मराठीतलं वाक्य आईकडून तपासून घेतलंय. नोएडाच्या मुलींना सांगितलंय की महाराष्ट्रातून कुणी 'खाली' म्हटलं की आधी विचारायचं, बाटली हलकी लागते का जड. लोशनचे परतावे असे घसरले की माझ्या बढतीची चर्चा सुरू झाली. आणि ज्या बायकांना पैसेही मिळाले आणि भरलेली बाटलीही राहिली, त्या एव्हाना दाबून दाबून लोशन वर काढून खुशाल लावत असतील. लावा बायांनो. तुमच्यावर कुणाचं काही देणं नाही.

पण ती संध्याकाळ. गुरुग्रामहून फरीदाबादला जाणाऱ्या डोंगरातल्या रस्त्याने आम्ही निघालो. रस्त्याच्या कडेला माकडं बसलेली असतात, एरवी बॉस त्यांना हाका मारते. त्या दिवशी तिने तिकडे पाहिलंही नाही. गोदामाशी पोचलो तेव्हा नुकतीच सुट्टी झाली होती. बॉस घाईने उतरली आणि गार्डच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. तिने गार्डला सांगितलं, टेबल उचल. तो गोंधळून टेबल उचलायला लागला, तेवढ्यात बायका बाहेर आल्या.

सगळ्यात पुढे काकू. त्यांनी मला पाहिलं, बॉसला पाहिलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. रोजच्या जागी येऊन त्या थांबल्या, पिशवी उघडली, डबा काढला आणि झाकण काढून समोर धरला. मागच्या बायकाही आपोआप रांगेत लागल्या. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. एकेक चेन उघडली, एकेक डबा बाहेर आला. एवढ्याशा दिवसांत त्या बायकांच्या हातांना त्याची सवय झाली होती.

बॉस बघतच राहिली. आपल्या हुकुमाचं फळ असं समोरासमोर कुणी धरलेलं तिने आयुष्यात पाहिलं नसावं. तिने काकूंच्या हातातलं झाकण घेतलं आणि डब्यावर लावलं. ते नीट बसेना, तिने तळव्याने दाबलं. "दीदी, गलती मेरी थी," ती म्हणाली. "किसी ने कुछ नहीं लिया. मुझे माफ़ कर दो."

काकूंचा आवाज शांत होता. "मेरे अकेले का नहीं खोला था, मॅडम."

बॉस पुढे सरकली. दुसरीचा डबा बंद केला. तिसरीच्या पिशवीची चेन लावली. प्रत्येकीसमोर थांबून, प्रत्येकीला तेच सांगत. पहिल्या दोघी-तिघी अवघडून उभ्या होत्या. मग एका पिशवीची चेन काही केल्या लागेना. बॉस खाली वाकून खटपट करतेय, घाम आलाय, आणि ती पोरगी घाबरत घाबरत म्हणाली, "मॅडम, ये तो शादी से पहले की टूटी हुई है." त्यावर अशी खसखस पिकली! बॉसही हसली, गार्डही हसला. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. बॉसने सगळ्यांना चहा मागवला आणि बायकांनी तो फाटकातच उभ्या उभ्या प्यायला.

मी काकूंच्या शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आता महिनाअखेरीला जाणार नाही ना?"

"बघू," त्या म्हणाल्या. पण हसल्या. 'खाली'ची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा तर इतक्या हसल्या की चहा सांडला. मग हसता हसताच त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

"काय झालं काकू?"

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "डबे उघडतात ते मी घरी सांगितलंच नव्हतं. आज सांगेन."